तपासून दिलेली पत्रिका

१८ जानेवारी, शनिवार

आज आठवीच्या वर्गातली सगळी गाइडं गोळा केली, कपाटात टाकली आणि कुलूप लावलं. हेडमास्तर म्हणाले, पालक ओरडतील. म्हटलं, ओरडू देत. या पोरांना घडाघडा वाचता येतं. पण वाचून झाल्यावर ‘यात काय म्हटलंय?’ असं विचारलं की सगळ्यांच्या माना गाइडाकडे वळतात. गाइडात छापलंय तेच खरं, बाकी सगळं चूक. मेढ्याला होतो तेव्हा मीही हेच चालवून घेतलं. बदली होऊन इथे माण तालुक्यात, ढाकणवाडीला आल्यावर हाताशी वेळच वेळ आहे. बायको मेढ्याला, मी इथे एका खोलीत. तेव्हा ठरवलं की शनिवारच्या सकाळच्या शाळेतला शेवटचा तास प्रश्नांचा. पुस्तक नाही. घरात जे काही छापलेलं असेल ते आणायचं आणि त्याला तीन गोष्टी विचारायच्या. कोण बोलतंय? कुणाशी बोलतंय? कोण गप्प आहे?

मला वाटलं होतं, वर्तमानपत्रं येतील. आलं काय, तर खताचं रिकामं पोतं, खोकल्याच्या औषधाचं खोकं, आणि बाकी सगळ्या लग्नपत्रिका. या गावातले निम्मे पुरुष गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या दुकानांत. कुणी सेलमला, कुणी कानपूरला, कुणी थेट गुवाहाटीला. माणसं जत्रेला येतात, पत्रिका मात्र वर्षभर येत राहतात. आधी चिडलो. मग म्हटलं, घरोघर हेच येत असेल तर हेच वाचू.

कपिलने त्याच्या चुलतभावाच्या लग्नाची पत्रिका वाचली. कोण बोलतंय? नवऱ्याचा आजा, चुलते, मामा, भावकी, मित्रमंडळ, आणि शेवटी ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी चिल्लीपिल्ली. कोण गप्प आहे, यावर मात्र वर्ग गप्प. मग सृष्टी उठली. एरवी ती विचारल्याशिवाय बोलत नाही.

“सर, शेवटच्या ओळीतला चिकू आमच्या आळीतला हाय. सा म्हैन्याचा. त्यो बी बोलतोय ह्यात. नवरी एकटी बोलंना.”

वर्ग खो खो हसला. मला हसू आलं नाही, भरून आलं. इतकी वर्षं मी पत्रिका वाचतोय आणि हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. घरी येताना वाटलं, या नोकरीत हेच करायला आलो होतो.


२ फेब्रुवारी, रविवार

लग्नसराई सुरू झाल्याची पहिली खबर मला लागते, कारण गावातली प्रत्येक पत्रिका छापायच्या आधी माझ्याकडे येते. ही पद्धत कशी पडली ते सांगायला हवं. मी नवीन आलो त्या वर्षी एका पत्रिकेत जित्याजागत्या आजोबांच्या नावाआधी ‘कै.’ पडलं होतं. ते माझ्या नजरेला आलं. आजोबा स्वतः नारळ घेऊन शाळेत आले आणि सगळ्या गावाला सांगत सुटले की गुरुजींनी मला वाचवलं. तेव्हापासून छापखानेवाले नमुना मोबाइलवर पाठवतात, मी दुरुस्त्या कळवतो, मगच छपाई. ‘गुरुजींच्या नजरेखालून गेली का?’ असं विचारतात म्हणे.

बायकोला, संयोगिताला, हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “मेढ्यात कुणी विचारत नव्हतं, म्हणून तिकडे रमलायत तुम्ही.” मेढ्याच्या दवाखान्यात ती आरोग्यसेविका आहे. माणसाची नस बरोबर सापडते तिला.


८ फेब्रुवारी, शनिवार

आज लिहायला दिलं. पत्रिकेत जो गप्प आहे तो बोलतोय असं समजून चार ओळी लिहा. मजा आली. कपिलने आचाऱ्याच्या वतीने लिहिलं की पत्रिकेत पाचशे माणूस लिहिलंय, जेवायला हजार येणार आहे, मसाला पुरणार नाही. दीक्षाने नवरीच्या धाकट्या बहिणीच्या तोंडून लिहिलं, आता पाणी मलाच भरावं लागणार. छान लिहिलं.

सृष्टीकडून मोठी अपेक्षा होती, पण थोडी निराशा झाली. तिने नवरी बोलतेय असं लिहिलं. इथवर ठीक. पण नवरी म्हणते, ‘मी आठवीत आहे. माझं गणित कच्चं आहे, मराठी पक्कं आहे. मला दुकानाच्या वरच्या खोलीत राहावं लागणार आहे. तिथली भाषा मला येत नाही. मला कोणी काही म्हटलं तर ते मला कळणारच नाही.’ वाक्यं सुटसुटीत आहेत, भावना आहे. पण आठवीतली नवरी? आपल्या गावात असं होत नाही, वाचणाऱ्याला पटणार नाही. ‘कल्पना चांगली, पण वास्तवाचं भान ठेव. नवरी मोठी दाखव’ असा शेरा दिला. तिने तो वाचला आणि वही दप्तरात ठेवली.

संयोगिताला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, “ही मुलगी सारखी नवरीबद्दलच का बोलते?” म्हटलं, अगं, विषयच तो दिलाय.


१७ फेब्रुवारी, सोमवार

मधल्या सुट्टीत सृष्टीची आई आली. अंजनाबाई. नवरा गलाईच्या दुकानातच कामाला होता, अ‍ॅसिडच्या धुरानं छाती गेली त्याची. ती दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. घर चालतं ते बहुतेक तिच्या भावाच्या, धनाजीच्या जिवावर. त्याचं सेलमला दुकान आहे.

बराच वेळ दारातच उभी होती. बसा म्हटलं तरी बसेना. मग म्हणाली, “गुरुजी, राणीला लय बोलाय शिकवलंसा.”

राणी म्हणजे सृष्टी. घरात तिला त्याच नावाने हाक मारतात.

“मामाला फोनवर इचारती, हे कुणी ठरवलं म्हनून. दादा माझ्यावर वराडला. म्हटला, पोरीला फाजील केलीस.”

मी समजावलं की प्रश्न विचारणं म्हणजे उद्धटपणा नव्हे, अशीच मुलं पुढे जातात. ती मान हलवत राहिली. जाताना म्हणाली, “तुमी एकडाव दादाला सांगा की, पोरगी हुशार हाय म्हनून. तुमचं ऐकत्यात समदी. आठ दिसांनी येनार हाय त्यो हिकडं.”

म्हटलं, निकालाच्या वेळी भेटतोच की, तेव्हा सगळ्यांसमोर कौतुक करतो. पालकांना आपल्या मुलाचं कौतुक चारचौघांत झालेलं आवडतं, हा माझा अनुभव आहे. पण ती काही खूश झालेली दिसली नाही. ‘बरं’ म्हणाली आणि गेली. तक्रार करायला आली होती की कौतुक मागायला, ते मला नीट कळलं नाही.


८ मार्च, शनिवार

केंद्रप्रमुख साहेब प्रश्नांचा तास बघायला आले. मी नवीन मजकूर घेतला होता, एसटी थांब्यावर लागलेला वाढदिवसाचा फलक. मुलांनी बहार आणली. ‘शुभेच्छुक म्हणून ज्यांचे फोटो आहेत ते बोलत आहेत, पण ज्याचा वाढदिवस आहे तोच सगळ्यांत मोठा फोटो लावून स्वतःला शुभेच्छा देतोय’ हे कपिलने सांगितल्यावर साहेब पोट धरून हसले. म्हणाले, तालुक्यात इतर शाळांना दाखवू या.

एकच खंत. सृष्टी आज तोंडच उघडेना. दोनदा नाव घेऊन विचारलं, ‘कोण गप्प आहे, सांग बघू.’ खाली बघत राहिली. नेमकं आजच. साहेबांसमोर बुजली असेल. राग आला मला, खरं सांगायचं तर. जिच्या एका वाक्यावरून हा सगळा उद्योग उभा राहिला तिनेच आयत्या वेळी दगा दिला असं वाटलं.


२१ मार्च, शुक्रवार

घटक चाचणीचे पेपर तपासत होतो, तेवढ्यात विट्याच्या छापखान्यातून पत्रिका आली. सोबत पाठवणाऱ्याचा निरोप, ‘घरच्यांचा हट्ट आहे की गुरुजींनीच तपासावी.’ बघा, आपली कीर्ती तालुक्याबाहेर गेली. सेलमवाल्यांची पत्रिका दिसते. वधू राणी, मामा धनाजी. गलाईवाल्यांत दर दुसरा माणूस धनाजी असतो. लग्न अक्षय्य तृतीयेला, विटा रस्त्यावरच्या कार्यालयात.

मजकूर बरा होता. ‘अगत्य येण्याचे करावे’च्या जागी भलतंच काही पडलं होतं, ते सुधारलं. मुहूर्ताची वेळ दोन ठिकाणी वेगवेगळी होती, ती विचारून घ्या म्हणून कळवलं. वडिलांच्या ओळीनंतर पूर्णविराम राहिला होता, तो दिला. या पत्रिकेत चिल्ल्यापिल्ल्यांची ओळ नाही, हे बरं वाटलं. ‘एवढ्या दुरुस्त्या करून छापा’ असं उत्तर पाठवलं आणि परत पेपर घेतले. सृष्टीचा पेपर या खेपेला वाईट आहे. निबंध कोरा सोडलाय.


५ एप्रिल, शनिवार

आज जे झालं ते जसं झालं तसं लिहून ठेवतो. उद्या मी ते माझ्या सोयीने आठवायला लागेन.

प्रश्नांचा तास. कुणी काय आणलंय विचारलं. सृष्टी उठली आणि दप्तरातून लग्नपत्रिका काढली. कोरी करकरीत, कडेला हळद लावलेली. मला बरं वाटलं की चला, पोरगी परत बोलायला लागली. वाच म्हटलं. तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, मोठ्याने, विरामचिन्हं पाळून. मी शिकवलं होतं तशी.

मी नेहमीप्रमाणे वर्गाला विचारलं, “कोण बोलतंय?”

“तिचा मामा,” कपिल म्हणाला.

“कुणाशी?”

“पै-पाव्हण्यांशी.”

“आणि कोण गप्प आहे?”

“नवरी!” सगळा वर्ग एका सुरात ओरडला. आता ते पाठच झालंय त्यांना.

सृष्टी म्हणाली, “नवरी मीच हाय, सर.”

कुणी हसलं नाही. दीक्षाने तिचा हात धरला. म्हणजे दीक्षाला माहीत होतं. मला वाटतं, अर्ध्या वर्गाला माहीत होतं.

मी विचारलं, हे कधी ठरलं. तिने माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. म्हणाली, “तुमी वाचलीया की ही, सर. मामानं मला मोबाइलवर दाखवलं, तुमी काय काय दुरुस्त केलंय ते. मी मामाला म्हटलं हुतं, मला आत्ता न्हाई करायचं, मी सरांना सांगनार. तर मामा म्हटला, तुज्या सरांनीच वाचून दिलीया, आता कुनाला सांगतीस? मला वाटलं, सरांनी वाचलीया म्हंजे आता सर घरी येतील. रोज वाटायचं, आज येतील.”

तास संपल्याची घंटा झाली. मुलं जागची हलली नाहीत. मीच म्हणालो, जा. त्यांना जा म्हणणं एवढंच मला सुचलं.

खोलीवर येऊन मोबाइलवरचा तो नमुना काढला. वडिलांच्या नावाची ओळ आहे. कै. जालिंदर. शाळेच्या हजेरीत मी रोज ‘सृष्टी जालिंदर’ अशी हाक मारतो. त्या ओळीला पूर्णविराम मी दिलाय.

संयोगिताला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, रागावेल. ती फक्त म्हणाली, “आमच्याकडे बाळंतपणाला येतात अशा पोरी. आता तुम्ही काय करणार?” मी म्हटलं, बघतो. ती म्हणाली, “बघू नका.”


६ एप्रिल, रविवार

तरी आज आधी धनाजीकडे गेलो. सरळ १०९८ला, मुलांच्या मदतीच्या सरकारी नंबरला, फोन लावावा की आधी बोलून बघावं, सकाळपासून ठरत नव्हतं. माझी खोली त्याच्या चुलत्याची आहे. शाळेचा प्रोजेक्टर गलाईवाल्यांनी दिलाय. हेडमास्तर म्हणाले, गावाशी वैर घेऊन तुम्ही बदली करून निघून जाल, आम्हाला इथे राहायचंय. ते काही चुकीचं बोलले नाहीत. मला भीती वाटत होती, हे लिहून ठेवतो. आणि पोरीची भीती जास्त खरी आहे, हेही मला कळत होतं.

धनाजी अंगणातच बसला होता. माझ्याहून लहानच असेल, पण केस सगळे पिकलेले. अ‍ॅसिडने बोटांची टोकं काळी पडलेली. त्याने चहा सांगितला. मी म्हटलं, मुलगी चौदा वर्षांची आहे, हा गुन्हा आहे.

तो शांतपणे म्हणाला, “गुरुजी, पत्रिका तुमीच वाचलीसा की. तवा का न्हाई बोलला?”

मी म्हटलं, ध्यानात आलं नाही.

“तुमच्या ध्यानात आलं न्हाई, तर आमा अडाण्यांच्या कुठनं यावं?” मग म्हणाला, “माझा भावजी मीच नेला हुता दुकानात. मीच त्याला मातीत घातला म्हना. तवापासनं ह्या दोगींना मी बघतुया. हितं शाळा आठवीपत्तुर. नववीला पाच मैल लांब जायाचं, सांजची येस्टी बंद. बहीण दिसभर रानात. पोरीचं काय बरंवाईट झालं म्हंजे गाव मला इचारनार, तुमाला न्हाई. पोरगा चांगला हाय, दुकान हाय त्याचं.”

त्याचं सगळंच खोटं नव्हतं, आणि म्हणूनच मला जड गेलं. मी म्हटलं, संध्याकाळच्या एसटीसाठी आपण आगाराला अर्ज करू. तो हसला. “पोरगी येस्टीची वाट बघत बसंल व्हय?”

अंजनाबाई चुलीपाशी होती. पाठमोरी. एकदाही वळली नाही. सृष्टी दिसली नाही.

तिथून निघालो आणि वाटेतच, विहिरीपाशी उभा राहून १०९८ला फोन लावला. पलीकडे एक तरुण मुलगी होती. नाव, वय, गाव विचारत गेली. मग म्हणाली, “लग्नाचा काही पुरावा आहे का तुमच्याकडे?”

म्हटलं, “पत्रिका आहे. मीच तपासलेली.”


१० एप्रिल, गुरुवार

साताऱ्याहून बालसंरक्षण कक्षाची माणसं आली. सोबत ग्रामसेवक आणि एक महिला पोलीस. धनाजीच्या अंगणात सगळं गाव जमलं. मला बोलावलं म्हणून जावं लागलं.

त्यांच्यातल्या महिला अधिकाऱ्यांनी सगळ्यांना बाजूला केलं आणि सृष्टीला एकटीला खोलीत घेतलं. ती काय बोलली ते मला माहीत नाही, आणि मी विचारणारही नाही. बाहेर आल्यावर त्यांनी तिला विचारलं की इथे सगळ्यांसमोर काही सांगायचं आहे का. मला वाटलं, नको म्हणेल. ती म्हणाली, “व्हय. माझ्या आईला आन मामाला धरून न्हिऊ नगा. मला एवढंच सांगायचं हाय. लग्न मला करायचं न्हाई, ते आत सांगितलंय.”

धनाजीने मान खाली घातली. हमीपत्रावर त्याने सही केली. अंजनाबाईने अंगठा दिला. अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही. पोरीला मंगळवारी साताऱ्याला बालकल्याण समितीपुढे हजर करायचं आहे.

मग अंजनाबाई माझ्याकडे वळली. सगळ्या गावासमोर, कडाकडा. “गुरुजी, आमच्या घरात नाक खुपसायला कुनी सांगितलं तुमाला? माझ्या भावाला चोरावानी हुबा केलासा! पोरीला शिकवायची सोडून आमचा संसार नासवलासा!” मी उभा राहून ऐकून घेतलं. धनाजीनेच तिला आवरलं. लोकांत पुटपुट चालू होती, सगळी तिच्या बाजूने.

वाईट वाटलं. केलं ते बरोबरच केलं, तरी वाईट वाटलं. फेब्रुवारीत ही बाई दारात उभी राहून माझ्याकडे काहीतरी मागत होती, आणि आज हेच ऐकायला मिळालं. माणसांचा नेम नाही.


१२ एप्रिल, शनिवार

प्रश्नांचा तास घेतला नाही. गाइडं परत दिली.

मुलांनी ती घेतली आणि उघडली नाहीत. कपिल म्हणाला, “सर, आज काय आणायचं नव्हतं का?” म्हटलं, आज नको. सृष्टी आलेली नव्हती.


३० एप्रिल, बुधवार

अक्षय्य तृतीया. चार घरी पुरणपोळीचं आमंत्रण असायचं या दिवशी. या वर्षी एकही नाही. खोली सोडायला सांगितली आहे, मे महिन्याच्या अखेरीपर्यंत. हेडमास्तरांनी त्यांच्या ओळखीने दुसरी बघून दिली. तोंडाने कितीही बोलले तरी माणूस बरा आहे.

पत्रिका मात्र आता माझ्याकडे येत नाहीत. एका छापखानेवाल्याने फोन करून विचारलं, ‘गुरुजी, तुम्ही आता वयाचा दाखला मागता म्हणे?’ म्हटलं, हो, मागतो. त्यानंतर तोही गप्प.

दुपारी विटा रस्त्याने गेलो होतो, काम काही नव्हतं. ते कार्यालय दिसलं. आत दुसऱ्या कुणाचं तरी लग्न चाललं होतं. बाहेर उभा राहून नवरीकडे बघत राहिलो, वय किती असेल म्हणून. पंचविशीची होती, मैत्रिणींशी हसत होती. मग मलाच माझी लाज वाटली आणि निघालो.

सृष्टीने वार्षिक परीक्षा दिली. मराठीचा पेपर मी तपासला. निबंध पूर्ण लिहिलाय, गाइडातला, शब्दन् शब्द. त्याला मी पैकीच्या पैकी गुण दिले, आणि ते देताना मला फार वाईट वाटलं.


१६ जून, सोमवार

शाळा सुरू झाली. सकाळी मुद्दाम एसटी थांब्याकडून आलो. नववीला जाणाऱ्या चार पोरी उभ्या होत्या. दीक्षा होती. तिच्या मागे सृष्टी, नवा गणवेश, जुनंच दप्तर. मला बघून तिने ‘नमस्ते सर’ म्हटलं, तेवढंच. मी ‘नीट अभ्यास कर’ म्हटलं, तेही तेवढंच. संध्याकाळच्या एसटीचा अर्ज आगारात पडून आहे. येताना पोरी चालत येणार आहेत, चौघी मिळून.

गाडी गेली. वळणावर अंजनाबाई उभी होती, खुरपं हातात. म्हणजे तीही लांबून बघत होती. मी वाट बदलायच्या विचारात होतो, तेवढ्यात तिनेच हाक मारली.

“गुरुजी, तवा चारचौघांत बोलले ते मनावर घिऊ नगा. दादा हुबा हुता. त्याच्याम्होरं मी दुसरं काय बोलनार? उद्या कुनाच्या दारात जायाचं आमी?”

म्हटलं, असू दे, बाई. मीही चुकलो. मला आधी कळायला हवं होतं.

ती पदर सारखा करून म्हणाली, “दादा कवा कुनाला पत्रिका दावत न्हाई. विट्याला छापाय टाकूनच आला हुता. मी अडून बसले. म्हटलं, गुरुजींच्या नजरंखालनं गेल्याबिगर माझ्या लेकीची पत्रिका छापायची न्हाई. दादा लय वैतागला. पर मी अन्न सोडलं, तवा धाडली त्यानं.”

मला काही कळेना. “का पण?” मी विचारलं. “माझ्याकडेच का?”

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. लहान मुलाला सांगावं तसं तिने सांगितलं.

“मला कुठं वाचाय येतंय, गुरुजी? तुमाला येतंय म्हनून धाडली.”

मग ती रानाकडे गेली. आज शाळेत नव्या आठवीचा पहिला तास माझा होता. धडा उघडायला सांगितला, आणि पहिलीच ओळ मी दोनदा वाचली.